फ्लिपचार्टमध्ये नसलेली बाई

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
८ फेब्रुवारी २००५

चि. यामिनीस ताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. न्यूअर्कला बर्फ पडत होतं, पण घरी आले तर दारापासून रस्त्यापर्यंतची वाट शेजाऱ्यांनी फावड्यानं मोकळी करून ठेवलेली. शशिकांत गेल्यापासून दर हिवाळ्यात ते हे न सांगता करतात आणि आभार मानायला गेलं की घरात पळतात.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुमच्याकडून निघताना तुझा प्रताप हसत हसत म्हणाला की ताईंचा फोन आला की यामिनी रिसीव्हर ओट्यावर ठेवते, भाजी चिरते आणि मधूनमधून हं म्हणते. विनोद असेल. मला तो झोंबला. यापुढे लिहीन म्हणते. कागदाला हं म्हणून भागत नाही.

आता मुख्य गोष्ट. हळदीकुंकवाच्या दिवशी रुहीला ताप आहे म्हणून तू मला तिच्यापाशी वर बसवलंस, पण तिला ताप नव्हता. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिलं आणि पोरीनंच मला इंग्रजीत सांगून टाकलं की आईनं तिला मावशीबरोबर वरच राहायला सांगितलंय. तुझ्या सासूबाई नाशिकहून आल्यात, खाली त्यांच्या मैत्रिणी यायच्या होत्या, त्यांच्यात विधवा बहीण नको, त्यांचं मन तुला सांभाळायचं होतं. सगळं कळतं मला. पाणी प्यायला म्हणून जिन्यात आले तर खाली सासूबाई स्वतःच्या हातानं मुतिंताला कुंकू लावत होत्या. झांबियाहून आलेली, तुझ्या ऑफिसातली मुतिंता. तिच्या हातात तिळगूळ, मांडीवर वाणाची स्टीलची वाटी. आणि तू तिला ताई म्हणून सोफ्यावर बसवून घेत होतीस.

गैरसमज करून घेऊ नकोस. मला कुंकू नको आहे. नागपूरला कॉलेजात होते तेव्हापासून मी या प्रथेविरुद्ध व्यासपीठावर उभी राहत आले. नवरा जिवंत आहे की नाही यावर बाईची पंगत ठरवणारा समाज मला कधीच मान्य नव्हता, आजही नाही. पण ज्या गोष्टीला जन्मभर नावं ठेवली तिच्यासाठी मी त्या जिन्यात डोळे पुसत उभी होते, आणि त्याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त आला.

तुमच्या मराठी मंडळाचा अंकही चाळला. शिकागोच्या परिषदेत तू आणि मुतिंता, दोघींचा फोटो. आफ्रिकेतून आलेल्या बायकांना एचआयव्हीची माहिती सभागृहात न देता घरी बोलावून, चहा देऊन, हळदीकुंकवासारखी द्यावी ही कल्पना तुम्हा दोघींना सुचली, असं खाली छापलंय. ती तुला मी सांगितली होती. तुझ्या सभांना कुणी येत नाही म्हणून तू कुरकुरत होतीस, तेव्हा मी चिडून म्हणाले होते की हळदीकुंकू घाल, मग बघ कशा धावत येतात. चिडून म्हणाले होते, पण म्हणाले होते मीच.

तुझ्या फ्लिपचार्टचा, त्या उलटत दाखवायच्या चित्रांचा, कच्चा नमुना बॅगेत आला आहे. ट्रेंटनच्या लायबेरियन बायकांना तो दाखवून बघ, असं तू म्हणालीस. लायब्ररीतल्या नोकरीतून मला सवड नाही. तुझ्या ताईला सांग.

लोभ आहेच तुझा, फक्त सध्या तो वाटणीत गेला आहे. माझ्या हिश्शाचं बघावं.

तुझी,
शरयू

~

॥ श्री ॥

नोव्हाय, मिशिगन
२० फेब्रुवारी २००५

ती. ताईस यामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तेव्हा भाजी चिरत नव्हते. प्रतापला मी चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो की ताईंचा आवाज फोनमधून ओट्यावरूनही ऐकू येतो, यात त्याचा काय दोष.

हळदीकुंकवाबद्दल काय लिहू? सासूबाई मार्चअखेर परत जाणार. तोवर घरात कटकट नको, एवढंच डोक्यात होतं. तू तर हे सगळं मानतच नाहीस, तेव्हा तुला काही वाटणार नाही असं मी धरून चालले. आणि मुतिंता त्या दिवशी ऑफिसचे कागद द्यायला आली होती. दारात आलेल्या बाईला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून सासूबाईंनीच तिला ओढून आत नेलं. तिच्या साहेबांची, म्हणजे नवऱ्याची, चौकशी केली, ते मजेत आहेत का, असं विचारलं, आणि ती हसली.

तिला ताई का म्हणते तेही सांगते. एकदा तिनं विचारलं की तुमच्याकडे मोठ्या बहिणीला काय हाक मारतात. मी सांगितलं. तिला तो शब्द आवडला. तू न्यूअर्कच्या पलीकडे, तीन महिन्यांतून एकदा भेटणार. ती रोज समोरच्या टेबलाशी. मला सर्दी झाली तर घरून आल्याचं पाणी आणते. तू हे वाचून ओठ आवळले असशील, मला दिसतंय.

आता विनंती. हा फ्लिपचार्ट जूनअखेर छापायला जातो. मग तो आठ-दहा शहरांतल्या आफ्रिकन चर्चमध्ये आणि दवाखान्यांत जाईल आणि पुढची कित्येक वर्षं तोच वापरला जाईल. एकदा छापला की चूक दुरुस्त करायला कुणी पुन्हा निधी देत नाही. आमच्याकडे झांबिया, केनिया, इथिओपियाच्या बायकांना तो दाखवून झाला. पश्चिम आफ्रिकेच्या बायका राहिल्यात. त्या तुझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. एका बाईच्या घरी जमायचं, चहा घ्यायचा, एकेक चित्र उलटत बोलायचं, शेवटी प्रत्येकीला एक पिशवी द्यायची, त्यात साबण, छोटी पुस्तिका, टेस्ट कुठे होते त्याचा पत्ता. पिशव्या आणि आमंत्रणाची कार्डं मी पाठवते.

तुझ्यासारखं बोलणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. मुतिंतासुद्धा नाही. हे मी लाच म्हणून लिहीत नाही, पण तू लाच समजून घेतलंस तरी चालेल.

रुही विचारते की मावशी पुन्हा कधी येणार, आणि तेव्हा खरंच आजारी पडायचं का.

तुझा राग उतरू दे, लोभ चढता राहू दे.

तुझी,
यामिनी

~

वेस्ट विंडसर
२१ मार्च २००५

चि. यामिनीस आशीर्वाद.

गेले मी ट्रेंटनला. तुझ्यासाठी गेले असं समजू नकोस. मुतिंतापेक्षा मी चांगलं बोलते हे बघायला गेले.

केबे नावाच्या बाईच्या घरी जमायचं ठरलं. लायबेरियातलं युद्ध संपायच्या आधी काही वर्षं ती इथे आली, नर्सिंग होममध्ये काम करते, चर्चमध्ये तिच्या शब्दाला वजन आहे. तिनं लाल पाम तेलात कसाव्याच्या पानांची भाजी केली होती. तिखट इतकी की मला आपल्या वऱ्हाडाची आठवण झाली. बैठकीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी पहिलं चित्र उलटलं आणि बोलायला लागले. नवरा टेस्ट करायला नाही म्हणतो तेव्हा काय करावं, यावर त्या इतक्या हसल्या आणि एकमेकींना टोमणे मारू लागल्या की मला दोनदा थांबावं लागलं. एकीनं सांगितलं की तिचा नवरा डॉक्टरला फक्त टीव्हीवर बघतो. सभा जिंकल्याचं मला कळलं. तुला ठाऊक आहे, ते मला लगेच कळतं.

पिशव्या वाटायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरात तीन बायका आहेत. मला वाटलं होतं की त्या केबेला मदत करतायत. पिशव्या घेऊन आत गेले तर त्यांनी हात पुढे केले नाहीत. एक म्हणाली की कार्डावर बायको आणि आई असं लिहिलंय. तिचा नवरा युद्धात गेला, दुसरीचा आजारात, तिसरीचाही आजारात, कुठल्या ते ती बोलली नाही. मुलं तिकडेच राहिली किंवा राहिली नाहीत. त्या केबेच्या नात्यातल्या, म्हणून आल्या, पण कार्डात आपण नाही हे वाचून आत भांडी घासत बसल्या. त्यातल्या एकीनं ताट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता विचारलं की ज्या बाईचा माणूस मेलाय तिनं टेस्ट करावी का, की आता उशीर झालाय.

यामिनी, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या फ्लिपचार्टमध्ये नाही. घरी येऊन मी एकेक पान टेबलावर मांडलं. नवरा-बायको बोलतायत. नवरा-बायको दवाखान्यात. गरोदर बायको. बाळ आणि गोळ्या. बायको आजारी नवऱ्याला सूप देते. सगळ्या बायकांच्या शेजारी नवरा आहे. एकटी बाई एकच, शेवटच्या पानावर, आणि ती अंथरुणात पडलेली आहे, तिच्याभोवती कुणी नाही. नवरा गेला की तुमच्या चित्रांत बाईनं एवढंच करायचं.

तू हळदीकुंकवालाच आफ्रिकी कपडे चढवलेस. आमंत्रण सुवासिनींना, वाण सुवासिनींना, आणि बाकीच्या आत, किंवा वर, कुणाच्या तरी न आलेल्या तापाशी. ही चूक जगात फक्त आपल्याच घरातल्या बाईच्या हातून होऊ शकते.

एक गोष्ट लपवत नाही. मी दोष शोधतच गेले होते. तुझ्या मुतिंताच्या कामात काहीतरी उणं निघावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते निघालं तेव्हा मला बरं वाटलं. मग त्या बाईचा प्रश्न आठवला आणि बरं वाटणं संपलं. तिला मी सांगितलं की उशीर झालेला नाही, टेस्ट करावी, आणि औषधं आहेत. तिनं ताट फडताळात ठेवलं.

कार्ड बदला. पानं बदला. जूनला वेळ आहे.

माझा लोभ कायम आहे, माझं म्हणणंही.

तुझी,
शरयू

~

॥ श्री ॥

नोव्हाय
२ एप्रिल २००५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र पोचलं. सासूबाईंचं जाणं पुढे ढकललं आहे, त्यांच्या गुडघ्याचं काही तपासायचं राहिलंय. घरात सगळे ठीक.

ताई, दोन वर्षं आम्ही या चित्रांवर काम केलं. तू एका दुपारी भाजी खाऊन आलीस आणि निकाल दिलास. लहानपणापासून हेच चाललंय. मला मिशिगनला प्रवेश मिळाला तेव्हा तू म्हणालीस की समाजकार्य शिकायला अमेरिका कशाला हवी. नोकरी लागली तेव्हा म्हणालीस की सरकारी पैशावरची सेवा. आता कुणीतरी माझं कौतुक करतंय आणि त्यात आणखी एका बाईचं नाव आहे, तर तुझ्या पोटात दुखतंय. तू स्वतःच लिहिलंस की तू दोष शोधायला गेली होतीस. मग मी त्या दोषावर विश्वास का ठेवू?

तरीही मी प्रामाणिकपणे वागले. जेवणाच्या सुटीत मुतिंताला तुझं सगळं पत्र इंग्रजीत करून वाचून दाखवलं. तुझ्या हेव्याच्या ओळीसुद्धा. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली की पहिल्या पानावर बायकोच हवी, कारण जिचा नवरा जिवंत आहे आणि घरी आहे, तिलाच वाटतं की हा आजार आपल्या दाराशी येणार नाही. विधवा समोर ठेवलीस तर सगळ्या बायका म्हणतील की हा विधवांचा आजार आहे, आणि चित्रं मिटून टाकतील. तिच्या गावात नवरा मेलेल्या बाईकडे बोट दाखवतात. तिला पुन्हा सगळ्यांसमोर उभं करून बोट दाखवायचं का, असं तिनं विचारलं.

तेव्हा हे आपलं हळदीकुंकू नाही. विचार करून ठरवलेलं आहे, आणि जिला तिथलं कळतं तिनं ठरवलेलं आहे. कार्डावरचे शब्द माझे होते, ते हवं तर बघते. चित्रं बदलणार नाहीत.

हे वाचून तू लगेच लिहायला बसशील. जरा थांबून लिही.

लोभ असो नसो, मत मागितल्यावरच द्यावं, ही नम्र विनंती.

यामिनी

~

वेस्ट विंडसर
९ एप्रिल २००५

चि. यामिनीस आशीर्वाद.

थांबले. पाच दिवस थांबले. राग कमी झाला नाही, पण वाक्यं सरळ झाली.

तुझी मुतिंता म्हणते ते मला समजतं आणि त्यातलं अर्धं मला पटतं. पहिल्या पानावर बायको ठेवा. मी कधी नको म्हटलं? पण इतर बायकांना भीती वाटू नये म्हणून विधवेला बाजूला ठेवायचं, हे कारण मी यापूर्वी ऐकलेलं आहे. आपल्या आजीच्या काळात लग्नघरात तिला माजघरात बसवत, ते नवरीला अपशकुन नको म्हणून. नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी भल्यासाठी. तिच्या तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही की तू आम्हाला नको आहेस. सगळे तिला एवढंच समजावत आले की तुझ्या न दिसण्यानं बाकीच्यांचं कल्याण होतं.

आणि त्या बायकोला हा दुसऱ्याचा आजार आहे असं शिकवलं कुणी? तुमच्या शेवटच्या पानानं. तिथे एकटी बाई मरते आणि बाकीच्या पानांवर जोडपी बरी होतात. ज्या बाईला आज तुम्ही चहा देऊन सोफ्यावर बसवता, तिचा नवरा उद्या गेला की ती उठून तुमच्या पुस्तिकेतून बाहेर पडते. ज्या दिवशी तिला माहिती सगळ्यात जास्त हवी, नेमकी त्याच दिवशी ती तुमच्या आमंत्रणात बसत नाही. तुम्ही सोय केलीत ती नवऱ्यांची. त्यांच्या बायका तेवढ्या बसून ऐकतात.

मी जळते असं तू लिहिलंस. जळते. तुझ्या समोरच्या टेबलाशी कुणी बसतं आणि तुला आल्याचं पाणी देतं, याचा मला हेवा वाटतो. मी तुला सर्दीत आल्याचं पाणी देत असे तेव्हा तू ते बेसिनमध्ये ओतत होतीस. पण जळणारं माणूस आंधळं होतं असं कुणी सांगितलं? उलट जरा जास्तच दिसतं त्याला. मी वाईट मनानं बघायला गेले आणि मला खरी गोष्ट दिसली. मन वाईट होतं म्हणून गोष्ट खोटी होत नाही. जगातल्या निम्म्या चुका कुणाच्या तरी मत्सरामुळेच उघडकीला आल्या असतील.

राहता राहिली मुतिंता. नवऱ्याच्या सावलीत बसून विधवांचं हित ठरवणं सोपं असतं. तिला विचार, एकदा तरी ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसली आहे का, बाहेर सभा चालू असताना?

हेही तिला वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

लोभाचं मागणं आज करत नाही. न्यायाचं करते.

शरयू

~

॥ श्री ॥

नोव्हाय
१ मे २००५

ती. ताईस यामिनीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते सुचत नव्हतं आणि फोन करायचं धाडस नव्हतं.

तू सांगितलंस म्हणून मी तुझं पत्र मुतिंताला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेदही न गाळता वाचला. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, संपलं सगळं, तुझ्या एका पत्रानं. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मी तुला मनातल्या मनात खूप बोलले.

मग ती आली आणि मला पार्किंग लॉटमध्ये तिच्या गाडीत बसवलं. ताई, तिचा नवरा सहा वर्षांपूर्वीच गेलेला आहे. अमेरिकेत यायच्या आधी, तिच्या गावी, चोमाला. आजारानंच. त्यानंतर सासरच्यांनी घरातले पलंग आणि भांडी नेली आणि तिनं त्याला आजारी पाडलं असं गावभर सांगितलं. इथे आल्यावर तिनं ठरवलं की नवरा जिवंत ठेवायचा. टेबलावर त्याचा फोटो आहे. त्याला कोंबडी कशी आवडते ते ती मला सांगायची, आवडते म्हणायची, आवडायची नाही. मी कधी विचारलंच नाही की तो ऑफिसच्या पार्टीला का येत नाही. इतकी वर्षं समोर बसून.

आमच्या पानांवर नवरा नसलेली बाई का नाही, ते आता मला कळलं. तिला स्वतःलाच कुठे दिसायचं नव्हतं.

हे सगळं तुला लिहायला तिनंच सांगितलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली की तिच्या बाजूनं इतकं भांडणाऱ्या माणसाला निदान कुणासाठी भांडतोय ते कळायला हवं. आणि तिला तुझा खूप राग आला आहे हेही लिही म्हणाली.

हळदीकुंकवाचा अर्थ तिला मी वाचून दाखवलेल्या तुझ्या दोन पत्रांवरून कळला. त्या दिवशी तिला वाटलं होतं की हा पाहुण्यांचा मान. मी सगळं समजावून सांगितल्यावर ती गाडीत इतकी हसली की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ते हसू कुठे संपलं ते मला नीट कळलं नाही.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. त्या बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. मग विचारलं की त्यानंतर काही वाईट झालं का कुणाचं. मी म्हटलं, नाही, प्रतापला बढती मिळाली. बरं, म्हणाल्या, आणि तेलाची बाटली बंद केली. काल जेवताना आपण होऊन म्हणाल्या की शरयूला त्या दिवशी वर ठेवायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, हे तुम्हीच तिला सांगा. तर म्हणाल्या, एवढं कुठे बोलता येतं तिच्यापुढे.

चित्रकाराशी बोलणं झालं. पहिलं पान आहे तसंच राहील, मुतिंता तिथे हटत नाही. शेवटच्या पानावरची बाई अंथरुणातून उठवायची, ती टेबलाशी इतर बायकांबरोबर बसेल, तिच्या हातात गोळ्यांची डबी असेल आणि शेजारी नवरा नसेल. त्या पानावरचा प्रश्न तुझ्या ट्रेंटनच्या बाईचा. कार्डावर आता फक्त स्त्रियांसाठी असं आहे.

जूनमध्ये डेट्रॉइटच्या चर्चमध्ये नवा नमुना पहिल्यांदा दाखवणार. शेवटच्या पानावर मुतिंता स्वतःबद्दल बोलणार म्हणते. मी म्हटलं, माझी बहीण हे फार चांगलं बोलेल. ती म्हणाली, तुझ्या बहिणीनं यावं, मागे बसावं आणि तोंड उघडू नये.

येशील ना? लोभ माझ्याकडे पुष्कळ साठलाय, तो न्यायला तरी ये.

तुझी,
यामिनी

~

वेस्ट विंडसर
२६ जून २००५

चि. यामिनीस ताईचे अनेक आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार. तुमच्याकडे असताना त्यांनी मला त्यांच्या शेजारी बसवून पुरणपोळीवर तूप वाढलं, न विचारता, मी हात आडवा धरेपर्यंत. त्यांना जे बोलता येत नव्हतं ते मला पोचलं.

चर्चमध्ये मी मागे बसले आणि तोंड उघडलं नाही, याची नोंद तुमच्या मंडळाच्या अंकात व्हायला हवी. माझ्या आयुष्यात अशी सभा झालेली नाही. मुतिंताचं बोलणं मी एका वक्त्याच्या कानानं ऐकलं, दुष्ट कानानं. तिनं आवाज चढवला नाही. हातवारे नाहीत. एका ठिकाणी तर ती इतका वेळ गप्प राहिली की मी असते तर तिथे चार वाक्यं घातली असती आणि सगळं घालवलं असतं. नवरा गेला आहे, एवढंच तिनं सांगितलं. कशानं ते सांगितलं, आणि आपण टेस्ट केली ते सांगितलं. निकाल सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही. तूही विचारू नकोस, ती तुझी कितीही जवळची असली तरी.

दोन बायका उठून गेल्या ते मी पाहिलं. पुढच्या रांगेतली एक मोठी बाई मान वळवून बसली. म्हणजे मुतिंताची भीती खोटी नव्हती, हे मला तिथे मान्य करावं लागलं. पण चहाच्या वेळी तिच्याभोवती जे कोंडाळं झालं त्यात बायका होत्या आणि नवरे नसलेल्याही होत्या, आणि कोण कुठली हे मला बाहेरून ओळखता आलं नाही.

नंतर ती माझ्याकडे आली. हात मिळवला नाही. म्हणाली की माझी पत्रं फार लांब असतात. मी म्हटलं, तिचं भाषण फार छोटं होतं. ती मला आवडली असं मी म्हणणार नाही. तिनं जे भाषण केलं ते करायला मी वीस वर्षं तयारी केली होती आणि ते मला कधी जमलं नाही. शशिकांत गेल्यावर मंडळाच्या सभेत मी विधवांच्या हक्कांवर तासभर बोलले, टाळ्या घेतल्या, आणि त्यात त्याचं नाव एकदाही नव्हतं. तेव्हा माझा हेवा आहे तसाच आहे. वाढलाय म्हण.

परत आल्यावर मी ट्रेंटनला गेले. केबेच्या स्वयंपाकघरातल्या त्या बाईनं, नाव लिहीत नाही, निरोप पाठवला होता. तिला टेस्टला जायचं होतं आणि बरोबर कुणीतरी हवं होतं. केबे नको, कारण केबे सगळ्यांची आहे. मी गाडी घेऊन गेले. वाटेत मी धीर द्यायला सुरुवात केली तर तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली की आज बोलू नको, गाडी चालव. चालवली. बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले. ती बाहेर आली, मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

परतताना ती दारापाशी उतरली नाही. बराच वेळ पट्टा लावूनच बसली. मग तिनं मला विचारलं की तुझा नवरा गेला तेव्हा तू पहिल्यांदा काय केलंस. कुणी आजवर मला हे विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं ते कसा गेला, कधी गेला, आता घर ठेवणार की विकणार. मी तिला सांगितलं. इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं, भाषण न करता, मधे मधे थांबत. ती हं सुद्धा म्हणाली नाही. तिनं मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

काय सांगितलं ते तुला लिहीत नाही. तू माझी सख्खी बहीण आहेस, तुझा माझ्यावर हक्क आहे, आणि तू हे वाचून ओठ आवळशील. तरीही लिहीत नाही. ते तिनं विचारलं होतं.

आता थोडं तूही जळून बघ.

शरयू